'भेदन' की 'पदर सुटणे'?

कार्बनतंतूंच्या संमिश्र द्रव्यास भोक पाडण्याचे वर्णन धातुकामाच्या परिभाषेत करणे युक्त नव्हे. धातूचा कीस निघतो. येथे तंतू तुटतात, राळ भंगते व भुकटी पडते. मुख्य दोषही निराळाच. गिरमिट पलीकडे निघण्याच्या बेतात असता उरलेले थर कापले जाण्यापूर्वीच दाबाने ढकलले जातात व परस्परांपासून विलग होतात. यास 'स्तरभेदन' म्हटल्यास अनर्थ ओढवेल. कारण स्तर भेदणे हा तर कामाचा हेतूच होय. हेतू आणि दोष यांस एकच शब्द लावणारी परिभाषा तपासनिसाची दिशाभूल करील. २०११ साली सेवेत आलेल्या बोईंग ७८७ विमानाचा वजनाने सुमारे निम्मा सांगाडा संमिश्रांचा आहे, हे ध्यानी घेता हा वाद केवळ शाब्दिक राहत नाही.

मराठीत पोळीचे 'पदर सुटतात'. पोळीत जो गुण, तो विमानाच्या पंखात दोष. क्रिया मात्र तीच. गिरमिट शिरताना वरचा थर सोलला जातो, त्यास 'पापुद्रा उचलणे' हे वेगळे नाव शोभेल. शिवाय 'सुटणे' म्हटले की धरून ठेवण्याचा उपायही सुचतो : पाठीमागे आधारफळी लावावी, अखेरीस दाब कमी करावा. दोषाचे स्वरूप सांगून उपायाकडे नेणारी संज्ञा संस्कृतोद्भव नाही, एवढ्यावरून ती त्याज्य ठरत नाही.