चोवीस तासांची मैफल

कॅबरे या शब्दाने आपल्याकडची भली माणसे जरा कानकोंडी होतात. त्यांनी कचरू नये. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रुकलिनच्या सेंट अ‍ॅन्स वेअरहाऊसमध्ये टेलर मॅक यांचा जो कॅबरे झाला, तो दुपारी बाराला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संपला. १७७६ ते २०१६ पर्यंतची अमेरिकेतील लोकप्रिय गाणी. दर दशकाला एक तास, एकूण २४६ गाणी! रॉब एपस्टीन आणि जेफ्री फ्रीडमन यांनी त्यावर केलेला २०२३ चा चित्रपट मी पाहिला, त्याविषयी हे टिपण.

टेलर स्वतःसाठी पुरुषी वा बायकी सर्वनाम न घेता ‘जूडी’ हे सर्वनाम वापरतात. मराठीतल्या वर्तमानकाळी बहुवचनाने माझी सोय केली आहे.

या खटाटोपाचे मूळ १९८७ सालात आहे. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनमध्ये वाढलेल्या टेलरनी चौदाव्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोत एड्सच्या रुग्णांसाठी निघालेल्या पदयात्रेत, उघडपणे समलिंगी म्हणवणारी माणसे पहिल्यांदा पाहिली, तीही हजारोंनी. त्यांची माणसे मरत होती आणि त्या मरणानेच ती एकत्र येत होती. प्रयोगाची खुबी इथेच आहे. आरंभी चोवीस वादक असतात. दर तासाला एक उठून जातो. मशीन डॅझल यांचे दर दशकाचे भन्नाट पोशाख पाहून हसण्याच्या भरात आधी ते ध्यानातही येत नाही. शेवटच्या तासाला रंगमंचावर टेलरखेरीज कोणीही नाही.

तिकडे वादक ओसरतात, इकडे प्रेक्षक जुळत जातात. जुळतात म्हणण्यापेक्षा जुळवले जातात. १९५० च्या सुमारास गोरी कुटुंबे शहर सोडून उपनगरांत गेली, तो इतिहास सांगताना टेलर मधल्या खुर्च्यांवरच्या गोऱ्या मंडळींना चक्क उठवून कडेला धाडतात! टेड न्यूजंटचे एक गाणे टेलरना समलिंगींचा द्वेष करणारे वाटते. तर नेमक्या त्याच गाण्यावर पुरुषांनी पुरुषांबरोबर, बायकांनी बायकांबरोबर संथ नाच करायचा.

मी शाळामास्तर. मुलांना हात धरायला लावणे आणि मुलांनी आपण होऊन हात धरणे यांतला फरक रोज पाहतो. म्हणून या हुकुमांची मला धास्ती वाटत होती. हुकमाने जवळीक येत नाही हे खरेच. पण अवघडलेला माणूस शेजारच्या अवघडलेल्याकडे पाहून हसतो, आणि ते हसू कोणाच्या हुकमाचे नसते. टेलर त्याचीच वाट पाहतात. हे विदूषकाचे काम आहे आणि ते अव्वल झाले आहे.

तक्रार आहे ती चित्रपटाविषयी. चोवीस तास पावणेदोन तासांत बसवताना दिग्दर्शकांनी जांभया कापल्या. रात्रभर गोंधळ पाहिलेल्याला ठाऊक असते, की पहाटे तीनच्या सुमारास माणूस अनोळखी खांद्यावर कलंडतो आणि तो खांदाही हलत नाही. ते इथे दिसत नाही. वादकही भराभर जातात; एक गेला म्हणून हळहळावे, तोवर दुसरा उठलेला असतो.