कितव्या पानावर आहेस?

‘सध्या काय वाचतेयस?’ हा प्रश्न पुस्तकवाल्या माणसांत ‘जेवलीस का?’ इतक्या सहजपणे विचारला जातो. उत्तरही तितक्याच सहज मिळतं. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि एखादं विशेषण. ‘भारी आहे.’ ‘जबरदस्त.’ ‘ठीकठाक.’ फोनवर तर विशेषणही लागत नाही. मुखपृष्ठाचा फोटो, शेजारी चहाचा कप, मागे खिडकीतला पाऊस. बघणाऱ्याने एक बदाम पाठवला की देवाणघेवाण पूर्ण.

या सगळ्यात प्रश्नातला ‘सध्या’ कुठेतरी गळून पडतो. मुखपृष्ठाचा फोटो वाचन सुरू व्हायच्या आधीचा असतो आणि विशेषण वाचन संपल्यानंतरचं. मधले आठ-दहा दिवस, जेव्हा माणूस खरोखर वाचत असतो, त्याबद्दल कुणी काही सांगत नाही. आपण कुठे अडकलो, कुठे कंटाळलो, कुठल्या पानावर पुस्तक मिटून भिंतीकडे बघत बसलो, हे सांगायची पद्धतच उरलेली नाही. ही गंमत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट आहे असं मला वाटत नाही. पुस्तकाविषयीचं सर्वांत प्रामाणिक बोलणं या मधल्या दिवसांतच होऊ शकतं आणि मराठी पुस्तकांना आज त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमची मैत्रीण ‘कोसला’ वाचतेय. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 1963 साली आली आणि अजूनही कॉलेजातल्या मुलामुलींच्या हातात दिसते. सुरुवातीच्या पानांमध्ये असताना मैत्रीण काय सांगेल? ‘अगं, मी नुसती हसतेय.’ खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचं हॉस्टेल, त्याची मेस, स्वतःचीच फिरकी घेत चाललेलं निवेदन, घडोघडी येणारे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. हसू येणारच. मग एका ठिकाणी हे हसू थांबतं. का थांबतं ते इथे सांगत नाही. ज्यांनी वाचलीय त्यांना ती पानं आठवली असतील आणि ज्यांनी वाचली नाही त्यांचा तो हक्क आहे.

आता हीच मैत्रीण पुस्तक संपवून भेटली, तर काय म्हणेल? ‘फार उदास करणारी कादंबरी आहे.’ तिचं खरंच आहे. पण या निकालात आधीचं हसू पुसलं गेलं. शेवट कळला की सुरुवातही शेवटाच्या रंगात रंगते. आपण पहिल्यापासून उदासच होतो असं वाटायला लागतं. वास्तविक त्या हसण्याशिवाय पुढची पानं इतकी लागलीच नसती. कादंबरी वाचकाला आधी कशी सैल सोडते आणि मग कशी पकडते, याचा एकमेव पुरावा म्हणजे मधेच कधीतरी आलेला तिचा ‘मी नुसती हसतेय’ हा मेसेज. समीक्षेच्या जाड पुस्तकांत ‘कोसला’बद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडेल. एका वाचकाचं हसू नेमकं कुठल्या पानावर थांबलं, ही नोंद मात्र सापडणार नाही.

दुसरं उदाहरण किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’चं. 1974 साली आलेल्या या कादंबरीत निवेदक कुशंक पुरंदरे सरळ रेषेत काही सांगत नाही. माणसं येतात-जातात, काळ मागेपुढे होतो आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला बराच वेळ पायाखाली जमीन मिळत नाही. अशा पुस्तकाच्या मध्यावर असलेल्या वाचकाचं खरं उत्तर एकच असतं: ‘काही कळत नाहीये, पण सोडवतही नाहीये.’ मला हे वाक्य अत्यंत मोलाचं वाटतं. त्यात कादंबरीची अवघड रचना आहे आणि तिची ओढही आहे. पण पुस्तक संपल्यावर हे वाक्य बोलायची आपल्याला लाज वाटते. संपवलं म्हणजे कळलंच पाहिजे, असा एक अलिखित नियम आहे. मग आपण पाठीवरचा मजकूर थोडा फिरवून आपलं मत म्हणून सांगतो. ‘कळत नाहीये’ म्हणायची परवानगी फक्त मध्यावर असते आणि आपण मध्यावर गप्प बसतो.

मराठीत एक काळ असा होता की वाचकाला मध्यावर राहण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. कल्पना करा, यमूची कहाणी वाचणारे सगळे वाचक एकाच वळणावर उभे आहेत. शेवटचं पान आधी उघडून बघायची सोय नाही, कारण ते पान अजून छापलेलंच नाही. अशा वेळी दोन वाचक भेटले, तर ‘कादंबरी कशी आहे’ हा प्रश्नच निरर्थक ठरतो. बोलता येतं ते फक्त ‘आता तिचं काय होणार’ याबद्दल. बालविवाह, सासर, वैधव्य यांवर वाद घालायला सगळ्यांसमोर एकच ताजा प्रसंग. आज आपण हे पुस्तकांबाबत करत नाही, पण वेब सिरीजबाबत अगदी मनापासून करतो. दर आठवड्याला एक भाग येणारी मालिका असली की ग्रुपवर तर्कांचा पाऊस पडतो. म्हणजे सवय मोडलेली नाही, फक्त पुस्तकांवरून उठून ती दुसरीकडे जाऊन बसलीय.

आता सांगण्याच्या दुसऱ्या अंगाकडे येऊ. सांगायचं कुणाला?

जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत, तिथे इंग्रजी शिकवत. पुण्या-मुंबईच्या साहित्यिक गर्दीपासून ते दूरच राहिले. सुनीता देशपांडे यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. सुनीताबाईंची पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावाने 2003 साली पुस्तकरूपात आली, तोवर जी. ए. जाऊन सोळा वर्षं झाली होती. जी.एं.ची निवडक पत्रंही खंडांमधून प्रसिद्ध झाली आहेत. लोक ही पत्रं दोन मोठ्या माणसांच्या मनात डोकावायला म्हणून वाचतात. मी त्यांच्याकडे ‘सध्या काय वाचताय’ या प्रश्नाची लांबत गेलेली उत्तरं म्हणूनही बघते. पुस्तकं, कविता, माणसं, घरातली कामं हे सगळं त्यात शेजारी-शेजारी येतं. वाचलेलं पुस्तक दिवसाच्या बाकीच्या गोष्टींमधून वेगळं काढून, पुसून-पासून मांडलेलं नसतं.

पत्रातलं हे बोलणं इतकं मोकळं का होतं? समोर एकच माणूस आहे आणि त्याने काय काय वाचलंय, कशाची त्याला चीड आहे, कुठे तो हळवा होतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. त्यामुळे पुस्तकाची ओळख करून देण्यात वेळ जात नाही. थेट शंकेपाशी जाता येतं. मतभेद झाला तरी संबंध टिकेल याची खात्री असते, म्हणून भीडही पडत नाही. आपलं स्टेटस मात्र ऑफिसातला साहेब, मामेभाऊ, जुनी शिक्षिका आणि कधीकाळी घर दाखवणारा एजंट असे सगळे एकदम बघतात. इतक्या वेगवेगळ्या माणसांसमोर एकाच वेळी जे बोलता येतं, ते म्हणजे ‘भारी आहे’.

इथे कुणी म्हणेल, पत्रांचं कौतुक पुरे. ते दोघं लिहिणारे होते, त्यांच्या हाताशी पुस्तकं होती. तालुक्याच्या गावातल्या मुलाला धड पुस्तकाचं दुकान नसतं. त्याला एखाद्या अनोळखी पुस्तकाचं नाव कळतं ते कुणाच्या तरी स्टोरीतल्या त्या चहा-पाऊस-मुखपृष्ठ फोटोमुळेच. हे मला पूर्ण मान्य आहे. अनेक मराठी पुस्तकांची आवृत्ती हजाराच्या आतबाहेर असते, जाहिरातीला पैसे नसतात. अशा ठिकाणी वाचकाने टाकलेला फोटो हाच पुस्तकाचा फलक. तो लागलाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की फलक वाचून दाराशी आलेल्या माणसाला आत कुणी बोलायला आहे का?

शिवाय फोटोंच्या मागोमाग आकडे येतात. गुडरीड्ससारख्या ठिकाणी ‘वाचायचं आहे’, ‘वाचतोय’, ‘वाचलं’ असे कप्पे असतात आणि वर्षाला किती पुस्तकं वाचणार याचं लक्ष्यही ठरवता येतं. मोजायला कुणाची ना नाही. पण मोजणीचे परिणाम बघा. नेमाड्यांची ‘हिंदू’ सहाशे पानांच्या आसपास जाते आणि मोजणीत तिची किंमत ऐंशी पानांच्या पुस्तकाइतकीच, म्हणजे एक. डिसेंबरात आठ पुस्तकं कमी पडत असतील, तर ‘हिंदू’ला कोण हात लावेल? आणि जे पुस्तक जमलं नाही, ते ‘वाचतोय’मधून गुपचूप काढून टाकलं जातं. कुठे सोडलं, का सोडलं, हे कुणालाच कळत नाही. लेखकालाही नाही. आपल्याकडे छापून येणारी बरीच परीक्षणं ओळखीतून लिहिलेली आणि गोड असतात. दुसऱ्या टोकाला एका ओळीत पुस्तक मोडीत काढणारे असतात. या दोन्हींच्या मधे ‘एकशे चाळीस पानांपर्यंत सोबत होते, मग नायकाची भाषणं सुरू झाली आणि मी उतरले’ असं सांगणारा वाचक हवा. त्याच्या या एका वाक्यात दोन पानी परीक्षणापेक्षा जास्त समीक्षा असते.

मग करायचं काय? फार नाही. फोटो टाका, खुशाल टाका. पण त्यानंतर एका माणसाला, फक्त एकाला, मधूनच एक मेसेज करा. त्यात पान नंबर असू द्या, त्या पानावर काय झालं ते असू द्या आणि विशेषण शक्यतो नको. ‘पान 63. आईचं पात्र अचानक गायब झालंय, मुद्दाम केलंय का?’ एवढं पुरे. तर्क चुकला तरी हरकत नाही. पुढे गेल्यावर तो बदलेलच आणि तो बदलताना बघणं हाच निम्मा आनंद आहे.

ज्याला हा मेसेज येतो त्याचीही एक जबाबदारी आहे. त्याने पुस्तक आधी वाचलेलं असेल, तर त्याला उत्तर ठाऊक असतं आणि ते सांगायची खाज आवरत नाही. ‘थांब, पुढे अजून मजा आहे’ हेसुद्धा सांगणंच झालं. ‘तुला काय वाटतं?’ एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. त्या उत्तरातून तुम्हाला तुमचंच वाचलेलं पुस्तक दुसऱ्या डोळ्यांनी दिसेल. तुम्ही ज्या पानावरून सरळ पुढे गेला होतात, तिथे कुणीतरी दोन दिवस थांबलंय, हे कळेल. मग कपाटातलं पुस्तक पुन्हा खाली काढावंसं वाटेल.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाच्या हातात पुस्तक दिसलं, तर ‘कसं आहे?’ विचारू नका. ते अजून त्यालाही माहीत नाही. कितव्या पानावर आहेस, ते विचारा.