हळदीची लढाई : जिंकलो म्हणजे नक्की काय जिंकलो?



आयोजकांनी मला विषय दिलाय 'विज्ञान, तंत्रज्ञान आणि मालकी'. मी तो जरा आवळून घेतो. १९९५ नंतरच्या सात-आठ वर्षांत आमच्या पिढीतल्या शिकल्यासवरल्या माणसांनी या विषयावर जी मतं ठोकून दिली, त्यांच्याबद्दल मी बोलणार आहे. त्यात माझीही मतं आहेत. तेव्हा टीका घरापासूनच सुरू होते.

ते वर्ष बघा. १ जानेवारीला जागतिक व्यापार संघटना आली, आणि तिच्याबरोबर बौद्धिक संपदेचा करार. मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे एकीकडे 'आता ज्ञान सगळ्यांचं झालं' म्हणून आनंद, आणि दुसरीकडे 'आमची हळद चोरली' म्हणून बोंब. दोन्ही गोष्टी एकच माणूस एकाच संध्याकाळी बोलायचा. मीही बोललोय.

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. १९९६ साली त्यांच्या संस्थेनं पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ साली अमेरिकन पेटंट कार्यालयानं ते रद्द ठरवलं. 'हळदीघाटी' हा शब्द घरोघरी पोचला. काम मोठंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण पुरावा काय दिला होता? बत्तीस संदर्भ. त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेख होता. सगळं लिहिलेलं, छापलेलं. माझ्या आजीनं माझ्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबली होती, तो पुरावा तिथं चालला नसता. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात देशाबाहेर नुसतं वापरात असलेलं ज्ञान 'आधीपासून ठाऊक' धरतच नसत, छापील पाहिजे. तो कायदा २०११ साली बदलला. १९९७ साली मात्र जिंकला तो कागद. आजीला कोणी साक्षीला बोलावलंच नाही. आणि मी तेव्हा भाषण केलं, 'हा परंपरेचा विजय आहे'. टाळ्या चांगल्या पडल्या होत्या.

दुसरी गफलत याहून मोठी. आपण ओरडत होतो, 'हळद आमची'. निकाल म्हणत होता, हा वापर जुनाच आहे, म्हणून त्यावर कोणाचीच मक्तेदारी नाही. ही दोन विधानं वेगळी आहेत हो! तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही मी हे सांगितलं असतं, पण स्वतःला सांगायचं राहिलं.

त्या गफलतीची किंमत पुढं मोजावी लागली. २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह उभारायला घेतला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतले लाखो योग त्यात नोंदवले. परदेशातली चुकीची पेटंटं अडवायला तो उपयोगी पडला, हे मान्य. पण भाषा कोणत्या? इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी. मराठी नाही, हिंदीसुद्धा नाही. आणि तो उघडणार कोणाला, तर करार केलेल्या पेटंट कार्यालयांना. इतरांना काही अटींवर बघू द्यावा, असा निर्णय व्हायला २०२२ साल उजाडलं. आजीचा काढा टोकियोतल्या अधिकाऱ्याला वाचता येतो, आजीच्या नातीला येत नाही. (हशा) हसू नका, हे आपणच केलंय.

आता आपल्या भागाकडे येतो. तेव्हा इथं दोन तट होते. एक स्वदेशीवाल्यांचा, आणि दुसरा शरद जोशींचा. जोशी डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं उभे राहिले. शेतकऱ्याला बाजाराचं आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य द्या, म्हणाले. १९८० च्या कांदा आंदोलनापासून हा जिल्हा त्यांना ओळखतो, आणि त्यांच्याइतकं नीट वाचलेली माणसं विरोधकांत फार नव्हती. तरी माझा आक्षेप आहे. विरोधकांच्या मांडणीत शेतकरी हा राखायचा, बिचारा. जोशींच्या मांडणीत तो सुज्ञ गिऱ्हाईक, हवं ते बियाणं निवडून विकत घेणारा. बियाणं घडवणारा म्हणून तो दोघांच्याही मांडणीत नीट उभा राहत नाही.

घडवणारे होते ना. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जमीन थोडी, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल ३' या भाताच्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या, आणि त्यातून 'एचएमटी' तांदूळ आला. नाव तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून. बियाणं गावोगाव गेलं. दादाजींची तक्रार अशी, की कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि पुढं स्वतःच्या नावानं वाण जाहीर केला. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते सन्मान झाला. २०१८ साली ते गेले, तेही ओढगस्तीतच.

मिसिसिपीच्या नावानं आपण दोन वर्षं घसा कोरडा केला. दादाजींसाठी किती सभा झाल्या? मी एकही घेतली नाही.

जॉन लॉकचं मालकीबद्दलचं म्हणणं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. श्रम मिसळले की वस्तू तुमची, पण इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. जमिनीच्या बाबतीत ही अट फार छळते. ज्ञानाच्या बाबतीत ती आपोआप पाळली जाते, कारण दादाजींनी मूठभर धान दिलं म्हणून त्यांचं ज्ञान कमी होत नाही. मग त्यांच्यापुढं प्रश्न कुंपणाचा नव्हताच. नाव आणि मोबदला, एवढाच होता. आम्ही मात्र पेटंट हवं की नको, याच्यापुढं गेलोच नाही.

२००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं यात बरंच सुधारलं. शेतकऱ्यानं स्वतःचं बियाणं राखावं, पेरावं, द्यावं-घ्यावं, विकावंसुद्धा. फक्त कंपनीच्या ब्रँडनं विकता येत नाही. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदही होते. चांगला कायदा आहे, वाचा.

परवा उमराण्याच्या मार्केटात एका ओळखीच्या शेतकऱ्याला मी हे सांगत होतो. त्याच्या घरी तीन पिढ्यांचं उन्हाळ कांद्याचं उळं आहे. दर वर्षी चाळीतले निवडक कांदे डोंगळ्यासाठी बाजूला काढतात, आणि ते काढते त्याची आई. रंग, मान, आकार बघून. मी म्हटलं, नोंद करून घे रे. तो म्हणाला, "करू सर, पण फॉर्मवर नाव कोणाचं घालायचं? सातबारा माझ्या नावावर आहे, कांदा आईला कळतो."