फावडे आणि पिस्तूल

भांडणात माणूस मेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आधी हात कोणी उगारला?’ पारावर हाच प्रश्न, पोलीस चौकीत हाच आणि पुढे कोर्टातही बराच काळ हाच. प्रश्न रास्त आहे. ज्याने आधी शस्त्र उचलले त्याच्या माथी दोष अधिक, ही समजूत माणसाइतकीच जुनी असावी. पण कादंबरीकाराने या प्रश्नापाशी थांबावे काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का, हे दोन परक्या कादंबऱ्यांच्या आधाराने सांगण्याचा या लेखात प्रयत्न करतो. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. या कादंबऱ्या मी इंग्रजीतून, शब्दकोश हाताशी ठेवून वाचल्या आहेत. तेव्हा भाषेच्या सौंदर्याविषयी मी बोलणार नाही. त्यांत माणूस कसा मरतो आणि मेल्यावर लेखक त्याचे काय करतो, एवढेच पाहणार आहे.

प्रथम कायद्याचे थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे १८६० सालच्या भारतीय दंडविधानाने स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला होता. १ जुलै २०२४ पासून त्या विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ३४ ते ४४ या कलमांत तो हक्क कायम आहे. त्याच्या मर्यादा साध्या माणसाला सहज समजाव्यात अशा आहेत. सरकारी मदत मागायला सवड असेल तर हा हक्क नाही. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही. आणि जिवाची भीती जोवर आहे तोवरच हक्क आहे. भीती सरली की हक्कही सरला. अर्थात्, अंगावर धावून येणाऱ्यासमोर माणसाने आपला वार सोन्याच्या काट्यावर तोलावा, अशी अपेक्षा न्यायालयेही करीत नाहीत. परंतु भीती सरल्यानंतरचा वार हा निराळा वार आहे, हे कायद्याने ओळखले आहे. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी ते अजून पुरते ओळखलेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

आता जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही १९३९ सालची कादंबरी घ्या. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातील कुळांची जमीन जाते आणि ती पोटासाठी कॅलिफोर्नियाकडे निघतात, ही तिची मुख्य कथा सर्वांना माहीत आहे. पण तिचा नायक टॉम जोड कथेत येतो तो तुरुंगातून सुटून. एका नाचाच्या रात्री सगळे प्यालेले असताना भांडण झाले. कशावरून, हे टॉमलाही सांगता येत नाही. हर्ब टर्नबुल नावाच्या तरुणाने त्याला सुरा मारला. सुरा अंगात शिरला तशी टॉमची नशा उतरली. पाहतो तो हर्ब पुन्हा सुरा घेऊन येतो आहे. शाळेच्या भिंतीला एक फावडे टेकून ठेवले होते. टॉमने ते उचलले आणि हर्बच्या डोक्यात घातले. हर्ब मेला. टॉमला सात वर्षांची शिक्षा झाली आणि चार वर्षांनी तो अटींवर बाहेर आला.

ही सगळी हकीकत लेखकाने थोड्या ओळींत उरकली आहे. मात्र त्या थोड्या ओळींत त्याने जे सांगितले आहे ते आमच्यापैकी पुष्कळांना पानेच्या पाने लिहून साधत नाही. टॉम म्हणतो की हर्बविषयी आपल्या मनात काही वाकडे नव्हते. तो चांगला होता, आपल्याला आवडे. लहानपणी हर्ब त्याच्या बहिणीच्या मागे मागे करीत असे, हेही तो सांगतो. आणि तोच टॉम असेही म्हणतो की हर्ब आता पुन्हा सुरा घेऊन आला तर मी पुन्हा फावडेच उचलीन. ही दोन्ही विधाने एकाच तोंडची आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पश्चात्तापाचे नाटक नाही, फुशारकीही नाही. शिवाय हर्बला बाप आहे. माझ्या मुलाला मारणाऱ्याला सुटून येताच गोळी घालीन, असे तो म्हातारा म्हणत होता. गावच्या लोकांनी समजूत घालून त्याला शांत केले. म्हणजे मेलेल्याला नाव आहे, बालपण आहे आणि त्याच्यासाठी संतापणारा बापही आहे. एवढे असूनही टॉमचा बचाव दुबळा होत नाही. उलट तो खरा वाटतो, कारण त्याची किंमत आपल्याला कळलेली असते.

दुसरी कादंबरी आल्बेर काम्यूची ‘लेत्रांजे’, म्हणजे ‘परका’, १९४२ साली प्रसिद्ध झालेली. स्थळ अल्जीरिया, तेव्हाची फ्रेंच वसाहत. नायक मेर्सो हा कचेरीतला कारकून. त्याचा शेजारी रेमों आपल्या अरब रखेलीला मारहाण करतो. तिला बोलावून घेण्यासाठीचे पत्र मेर्सोने लिहून दिलेले असते, आणि पुढे पोलिसांत तो रेमोंच्या बाजूने साक्षही देतो. त्या बाईचा भाऊ रेमोंच्या मागावर असतो. रविवारी समुद्रकाठी गाठ पडते, मारामारी होते आणि रेमोंला सुरा लागतो. दुसऱ्यांदा गाठ पडते तेव्हा रेमोंने गोळी झाडू नये म्हणून मेर्सो त्याच्याकडून पिस्तूल काढून घेतो. इथवर मेर्सो समजूतदारच दिसतो. मग तो रेमोंला घरापर्यंत पोचवतो आणि ते पिस्तूल खिशात ठेवून, रणरणत्या उन्हात, एकटाच पुन्हा त्या जागी जातो. तो अरब सावलीत पडलेला असतो. मागे वळले की प्रकरण संपेल, हे मेर्सोच्या मनात येते. तरी तो एक पाऊल पुढे टाकतो. अरब न उठता सुरा काढतो. पात्यावरचे ऊन मेर्सोच्या डोळ्यांवर येते आणि पहिली गोळी सुटते. क्षणभर थांबून तो निपचित पडलेल्या देहावर आणखी चार गोळ्या झाडतो.

सुरा आधी कोणी काढला, एवढेच विचारले तर उत्तर मेर्सोच्या बाजूचे आहे. म्हणूनच तो प्रश्न अपुरा आहे. खरे प्रश्न पहिल्या गोळीच्या दोन्ही बाजूंना आहेत. अलीकडे, तो परत का गेला? पलीकडे, त्या चार गोळ्या कोणासाठी? तपास करणारा न्यायाधीश हा दुसरा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. मेर्सो गप्प राहतो. पुढे खटला चालतो तो निराळ्याच दिशेने. आईच्या प्रेताजवळ हा रडला नाही, दुसऱ्याच दिवशी एका मुलीबरोबर पोहायला आणि सिनेमाला गेला, यावर वकिलांची भाषणे होतात. काम्यूने न्यायसंस्थेच्या ढोंगावर बोट ठेवले, अशी या भागाची नेहमी वाहवा होते आणि ती योग्यच आहे. पण साक्षीदारांची यादी वाचकांनी एकदा पाहावी. वृद्धाश्रमाचा संचालक येतो, दारवान येतो, खाणावळवाला येतो, कुत्रेवाला म्हातारा शेजारीही येतो. मेलेल्याची बहीण येत नाही. त्याचा कोणीही माणूस येत नाही. त्याचे नाव एकदाही उच्चारले जात नाही.

यावर असे म्हणता येईल की कथा मेर्सो सांगतो आहे. ज्याला कशाचेच सोयरसुतक नाही तो मेलेल्याचे नाव कशाला सांगेल? हे उत्तर मला पुरे वाटत नाही. मेर्सो शेजाऱ्यांची नावे सांगतो, खाणावळवाल्याचे सांगतो. अरबांची नावे मात्र गळतात. चार गोळ्या आणि हे निनावीपण यांचा एकमेकांशी संबंध आहे, असे माझे मत आहे. ज्याला नाव नाही त्याच्यावर पाचवी गोळी झाडणे सोपे जाते. मारणाऱ्याला सोपे, लिहिणाऱ्याला सोपे आणि वाचणाऱ्यालाही.

हे मत एकट्या काम्यूवर तोलले तर अन्याय होईल, म्हणून पुन्हा स्टाइनबेककडे वळतो. त्याच कादंबरीत टॉम आणखी एक माणूस मारतो. मजुरांच्या संपाचा पुढारी केसी याला मळेवाल्यांची माणसे रात्री गाठतात आणि एकजण कुदळीच्या दांड्याने त्याचे डोके फोडतो. टॉम तोच दांडा हिसकावून घेतो. त्याचा पहिला फटका खांद्यावर जातो, दुसरा डोक्यात बसतो. तो माणूस कोसळत असतानाच त्याच्या डोक्यावर आणखी तीन फटके पडतात. ते तीन फटके म्हणजे मेर्सोच्या चार गोळ्यांचे सख्खे भाऊ. इथे मेलेल्याची आपल्याला ओळख अशी नाही. त्याच्या घरी कोणी होते की नव्हते, हे कळत नाही. टॉमची आई हे घडायला नको होते असे म्हणते, पण दोष देत नाही. आणि वाचकही देत नाही, कारण केसीवर आपला जीव जडलेला असतो. हर्बला मारल्याचा हिशेब देणारा लेखक या वेळी हिशेब मागत नाही. ज्याची ओळख होती त्याला एक फटका आणि ज्याची नव्हती त्याला एवढे फटके, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

अल्जीरियाच्या कमेल दाउद यांनी २०१३ साली फ्रेंचमध्ये कादंबरी लिहून काम्यूच्या त्या अरबाला नाव दिले, मूसा. कथा सांगतो मूसाचा धाकटा भाऊ हारून. केवळ नाव देऊन दाउद थांबले असते तर ते नुसते उसने फेडणे झाले असते. पण १९६२ च्या जुलैत, देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना, हा हारूनही रात्री घराच्या आवारात आसऱ्याला आलेल्या एका फ्रेंच माणसाला आईच्या इच्छेखातर गोळ्या घालतो. अधिकारी त्याला दरडावतात ते एवढ्यासाठी की हे काम लढा चालू असताना का केले नाहीस? पुन्हा चुकीचाच प्रश्न. मात्र मेलेल्या फ्रेंच माणसाचे नाव जोसेफ होते, हे हारून विसरत नाही आणि आपल्यालाही विसरू देत नाही. पीडिताच्या भावाने केलेला खूनही खूनच राहतो, हे या लेखकाने सोडले नाही. त्याचे मोठेपण मला त्यात दिसते.

आता आपल्या घरात पाहू. आपल्या धर्मशास्त्राने सहा प्रकारचे आततायी सांगितले आहेत : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन आलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. अशाला मारण्यात दोष नाही असे मनूचे मत. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त त्याची चर्चा केली आहे. पण गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो आणि तरीही त्यांना मारून पापच लागेल असे म्हणतो, हेही आपण वाचतो. समोर उभे असलेले त्याला नावानिशी ठाऊक आहेत. अडचण तीच आहे. शेत बळकावणारा आततायी, ही समजूत मात्र खेड्यात अजून जिवंत आहे. बांध हातभर सरकला यावरून कुऱ्हाड उचलली जाते. आजचा कायदा नुसत्या बांधासाठी जीव घेण्याची मुभा देत नाही. पण बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात जुनी यादी असते. तिथे शस्त्र म्हणून मुद्दाम काही आणलेले नसते. विळा, कोयता, फावडे, जे कामासाठी हातात असेल तेच. आणि समोरचा बहुधा चुलतभाऊ असतो.

आमच्या ग्रामीण कथेत हे भांडण पुष्कळदा येते. पण मारला जाणारा आधीपासून इतका काळा रंगवलेला असतो की त्याचे मरण म्हणजे वाचकाची सोय होते. तो दारुडा, तो बाईलवेडा, तो सावकाराचा माजलेला पोर. त्याला आई नसते, त्याचे म्हणणे नसते, त्याच्या दारात सुतकाचा दिवा लागत नाही. मग नायकाने एक वार केला की सात, हे मोजतो कोण? शाळेत दोन पोरे रडत येतात तेव्हा दोघेही ‘त्यानं आधी मारलं’ हेच सांगतात. मी विचारतो, ‘बरं, मग तू किती मारलंस?’ उत्तर देताना पोरगा पहिल्यांदा समोरच्याच्या सुजलेल्या गालाकडे पाहतो. न्याय काही तेवढ्याने होत नाही. पण त्याची सुरुवात तिथून होते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, मास्तर अन्याय सोसायला शिकवतात. तसे नाही. सुरा घेऊन आलेल्याला हर्बप्रमाणे फावडे खावे लागले तर त्यात टॉमचा अपराध मी मानीत नाही, आणि असहाय माणसाने नम्रपणे मरावे अशी शिकवण कोणत्याही वाङ्मयाने देऊ नये. माझे मागणे त्याहून लहान आहे आणि ते माझ्यासह सर्व लिहिणाऱ्यांकडे आहे. आपल्या गोष्टीत माणूस मारावाच लागला तर खुशाल मारा. पण त्याचे नाव सांगा, त्याच्या घरी कोण रडले ते सांगा, आणि मारणाऱ्याची भीती कोणत्या फटक्यापाशी सरली ते लपवू नका. त्यानंतरच्या प्रत्येक फटक्याचा जाब आपल्या नायकाने दिला पाहिजे, मग तो आपल्याला कितीही प्रिय असो.