फोटोग्राफरची प्रेरणा, संशोधकाचा प्रश्न : सुधारक ओलवे यांची छायाचित्रं वाचताना



संशोधनाच्या प्रस्तावात एक वाक्य हमखास सापडतं : 'या विषयाची प्रेरणा मला अमुक ठिकाणी मिळाली.' पुढचं पान उलटलं की प्रश्न मात्र सापडत नाही. प्रेरणा आणि प्रश्न यांत फरक काय, हे सांगायला आज मी प्रयोगशाळेतलं उदाहरण घेत नाहीये. एका फिरत्या फोटोग्राफरचं काम घेतेय. शेवटी आमच्या कोरेगाव भीमालाही येऊ, कारण इथे दर १ जानेवारीला हजारो कॅमेरे येतात आणि तुमच्यापैकी काही जण 'फील्डवर्क' म्हणून येतात.

सुधारक ओलवे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म अकोल्याचा, कर्मभूमी मुंबई. १९८८ पासून वृत्तपत्रांसाठी फोटोग्राफी, २०१६ मध्ये पद्मश्री. जातीय अत्याचारांत घरचं माणूस गमावलेल्या कुटुंबांपर्यंत ते महाराष्ट्रभर फिरले, कामाठीपुऱ्यातल्या बायकांचं जगणं त्यांनी टिपलं. पण त्यांची ओळख झाली ती मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरच्या कृष्णधवल मालिकेमुळे. 'इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस' या नावाने तिचं पुस्तकही आहे.

मुंबई आणि फोटोग्राफर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मरीन ड्राइव्हवरचा पाऊस, लोकलच्या दारातली गर्दी, डबेवाले. स्वप्नांचं शहर वगैरे. यात वाईट काही नाही, पण ही चित्रं आपण आधीच पाहिलेली असतात. फोटोग्राफर तिथे जातो आणि माहीत असलेलं उत्तर परत घेऊन येतो. ओलवेंच्या मालिकेमागे मला एक साधा प्रश्न दिसतो : शहर उठायच्या आत ते साफ कोण करतं, आणि त्या माणसाचं काय होतं? या प्रश्नाला दोन भाग आहेत. पहिल्याचं उत्तर एका सकाळी मिळेल. दुसऱ्यासाठी वर्षं लागतात. मालिकेची खरी ताकद त्या दुसऱ्या भागात आहे.

एकच फोटो बघितलात, तर मॅनहोलमध्ये छातीपर्यंत उतरलेला, घाणीने माखलेला माणूस दिसतो. धक्का बसतो, हळहळ वाटते, आपण पुढे जातो. मालिका पाहिली तर तोच कामगार घरी दिसतो, बायकापोरं दिसतात, चिंचोळी खोली दिसते. धक्का ओसरल्यावरही फोटोग्राफर तिथे थांबला आहे, हे कळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक फोटो म्हणजे एक रीडिंग, आणि मालिका म्हणजे पुन्हा पुन्हा घेतलेली निरीक्षणं. एका रीडिंगवर निष्कर्ष काढलात तर गाइड तुम्हाला खोलीबाहेर काढतील, हो ना?

आता टीका. कौतुक करणारे पुष्कळ आहेत. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने आवडत्या कामाचीही बाजू उलटून पाहायला हवी.

पहिला मुद्दा रंगाचा. कृष्णधवल फोटोत घाणीचा रंग जातो. म्हणून आपण नजर न फिरवता माणसाच्या चेहऱ्याकडे बघू शकतो. हा फायदा मोठा आहे आणि निवड विचारपूर्वक आहे. पण रंगाबरोबर काळही पुसट होतो. कपडे, गाड्या, भिंतीवरची जाहिरात यांचे रंग त्या वर्षाची खूण सांगत असतात. ते काढून टाकले की फोटो 'जुना' वाटायला लागतो, आणि आजचा प्रेक्षक मनात म्हणतो, 'तेव्हा किती वाईट होतं!' तेव्हा? डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ चा. त्याहून व्यापक, मॅनहोल आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईलाही मनाई करणारा कायदा २०१३ चा. १९९३ पासून गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख करावी लागली, कारण मरणं थांबली नव्हती. डेटामधला गोंगाट गाळताना सिग्नलचाही थोडा भाग जातो, हे विज्ञानवाल्यांना सांगायला नको. इथे गाळला गेला तो काळ.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. फोटोत शरीर दिसतं, व्यवस्था दिसत नाही. समजा, एका फ्रेममध्ये दोन सफाई कामगार शेजारी उभे आहेत. एक कायम, एक कंत्राटी. फोटोत दोघं सारखेच. पण कायम कामगाराच्या मुलाला लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसा हक्काने नोकरी मिळू शकते, कंत्राटी कामगाराच्या मुलाला तो आधार नाही. मुंबईतल्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा लढा कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं चालवला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. ही रेषा दोन माणसांच्या मधून जाते, पण कुठलीच लेन्स ती पकडत नाही. आणि वारसा हक्काची दुसरी बाजू? तीच तरतूद घराला आधार देते आणि तीच पुढच्या पिढीच्या हातात पुन्हा झाडू देते. जात कामाला कशी चिकटून राहते, हे त्या एका तरतुदीत जितकं कळतं तितकं दहा फोटोंत कळणार नाही. म्हणून या मालिकेसोबत मजकूर लागतोच. फोटोशेजारचा मजकूर अनेक जण गाळून पुढे जातात. तसं करू नका.

नोंद नसली की काय होतं, याचं जगभर गाजलेलं उदाहरण डोरोथिया लँग यांचं 'मायग्रंट मदर'. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांचा तळ. लँग सरकारी प्रकल्पासाठी फिरत होत्या. त्यांनी त्या बाईचे मोजके फोटो घेतले, वय विचारलं, नाव विचारलं नाही. फोटो महामंदीचं प्रतीक झाला. बाई कोण, हे जगाला कळलं १९७८ मध्ये : फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. त्या चेरोकी आदिवासी वंशाच्या होत्या. म्हणजे गोऱ्या अमेरिकन गरिबीचा चेहरा म्हणून चाळीस वर्षं मिरवलेला फोटो प्रत्यक्षात एका मूलनिवासी बाईचा होता. कुटुंबाने गाडीचे टायर विकून खाल्लं, असंही लँग सांगत. मुलांनी ते नाकारलं. फोटो खोटा नव्हता, त्याच्याभोवतीची नोंद अपुरी होती. आणि त्या अपुऱ्या नोंदीत नेमकं काय हरवलं? तिचा समाज. आपल्याकडे याच जागी काय हरवतं, ते वेगळं सांगायला नको.

आता कोरेगाव भीमा. आधी नकाशा नीट करून घ्या, कारण बातम्यांमध्येही तो चुकतो. गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या एका काठाला. विजयस्तंभ नदीपलीकडे, पुण्याच्या बाजूला, पेरणे गावाच्या हद्दीत, म्हणजे हवेली तालुक्यात. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावं त्यावर आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' येतं आणि त्यावरून ते महार सैनिक होते हे ओळखता येतं. विचार करा, नावाच्या शेवटच्या दोन अक्षरांत केवढी माहिती टिकली. नावं कोरली नसती आणि नुसता आकडा लिहिला असता, तर आज लाखो लोक ज्या अभिमानाने इथे येतात, त्याचा दगडावरचा पुरावाच उरला नसता.

याच स्तंभापाशी १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्या दिवसाचा म्हणून एक समूहफोटो सगळीकडे फिरतो. बाबासाहेब चटकन ओळखू येतात. बाकीची माणसं मात्र 'आणि अनुयायी' या दोन शब्दांत संपतात. दगडाने नावं जपली, फोटोने ती जपली नाहीत. कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या : त्या फोटोतली माणसं कोण, कुठल्या गावची, त्यांच्या घरात काय आठवण उरली आहे? हा प्रश्न आहे. 'कोरेगाव भीमाची प्रेरणा' हा प्रश्न नाही.

दुसरी बाजूही बघा. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचाराची चौकशी करायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. अशा चौकशीत फोटो कधी, कुठून, कोणी काढला, यावर सगळं अवलंबून असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की फाइलमधली वेळ-ठिकाणाची माहिती पुसली जाते. चार ग्रुप फिरून आलेला फोटो मग कोणाच्याही बाजूने बोलायला लावता येतो. मेटाडेटा म्हणजे किचकट तांत्रिक काम, असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा. इथे त्याचा संबंध थेट लोकांच्या न्यायाशी आहे.

आणि सॅम्पलिंगचा दोष? फक्त १ जानेवारीला येणाऱ्या फोटोग्राफरला गाव निळ्या झेंड्यांचं किंवा पोलिस बंदोबस्ताचं दिसतं. उरलेले ३६४ दिवस नगर रोडची कोंडी असते, सणसवाडीच्या कारखान्यांच्या पाळ्या असतात, बाहेरगावचे भाडेकरू कामगार असतात, उसाचे ट्रॅक्टर असतात. त्यांतला कामगार १ जानेवारीला सुट्टी मागतो का, त्याला ती मिळते का? ओलवेंनी मुंबईत जे केलं, म्हणजे धक्का ओसरल्यावरही थांबणं, ते इथे कोणी केलं तर याचं उत्तर मिळेल.

माझं मत सांगून टाकते. ओलवेंची मालिका थोर आहे, आणि ती अपुरीही आहे. थोर यासाठी की शहराने स्वतःबद्दल जे स्वप्न विकायला ठेवलं, ते त्यांनी विकत घेतलं नाही. अपुरी यासाठी की कायम आणि कंत्राटी यांच्यातली रेषा कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. ती दाखवायचं काम कागदपत्रं, आकडे आणि मुलाखती यांचं, म्हणजे तुमचं.

पुढच्या रविवारपर्यंत एक सराव करा. या मालिकेतला कुठलाही एक फोटो घ्या आणि वहीत तीन रकाने आखा : 'दिसतं', 'दुसरीकडून पडताळता येतं', 'मी गृहीत धरतोय/धरतेय'. अर्धा तास द्या. तिसरा रकाना सगळ्यात लांब होईल, घाबरू नका. त्यातली एक ओळ निवडा, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि ती पडताळायला कोणाकडे जावं लागेल, त्या माणसाचं किंवा कार्यालयाचं नाव लिहा. प्रस्तावाची सुरुवात त्या ओळीपासून करा.