अंदाज आणि वाटी

काव्य, कादंबरी आणि नाटक यांची समीक्षा आपल्याकडे विपुल झाली. परंतु ज्याच्या लाखाहून अधिक प्रती मराठी घरांत पोचल्या आणि ज्याची पाने हळदीच्या बोटांनी उलटली गेली, त्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चा विचार वाङ्मय म्हणून क्वचितच होतो. पाकपुस्तक हे उपयोगाचे पुस्तक, त्याला समीक्षा कसली, अशी समजूत यामागे असावी. वस्तुतः जे हातांना कळते ते शब्दांनी दुसऱ्यास कळविणे, हे गद्यलेखनातील एक अवघड काम होय. ‘रुचिरा’ने ते कसे साधले आणि कोठे अपुरे ठेवले, हे पाहण्यासारखे आहे.

कमलाबाईंचा जन्म १९१३ साली तत्कालीन औंध संस्थानातील कुंडल या गावी झाला. शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे. स्वयंपाकाचे खरे शिक्षण लग्नानंतर, सासूबाईंच्या हाताखाली झाले. पुढे सांगलीस त्यांनी पाककलेचे वर्ग चालविले आणि १९७० साली ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. प्रकाशक होते किर्लोस्कर. त्यांची वसाहत १९१० साली याच कुंडलच्या शेजारी वसली होती. चुलीपासून वर्गापर्यंत आणि वर्गापासून ग्रंथापर्यंतचा हा प्रवास त्या पुस्तकाच्या घडणीतच उतरला आहे. सासूबाईंजवळ शिकताना पाहून उमगते. वर्गात मात्र अनोळखी विद्यार्थिनी ‘म्हणजे किती?’ असे विचारते. ‘रुचिरा’चे गद्य या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

आपल्या घरांतील पाकविद्या परंपरेने अंदाजावर चालत आली. ‘चवीपुरते मीठ’, ‘मावेल तितके पीठ’, ‘मूठभर दाणे’ हे तिचे शब्द. अंदाज म्हणजे अज्ञान नव्हे. ते वर्षानुवर्षांच्या सरावाने मुरलेले ज्ञानच होय. परंतु ते पत्रातून पाठविता येत नाही. ते लिहावयाचे तर माप हवे, आणि माप म्हटले की तराजू आला. त्यातही १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आणली आणि काही वर्षांतच शेर व तोळा व्यवहारातून उठले. अशा काळानंतर कमलाबाईंनी तराजू बाजूस ठेवून वाटी आणि चमचा ही मापे घेतली. या निवडीत मोठे शहाणपण होते. वाटीचे माप हे प्रमाणाचे माप आहे. मोदकाच्या उकडीसाठी एक वाटी पाण्यास एक वाटी पिठी म्हटले की वाटी केवढी, हा प्रश्नच उरत नाही. दोहोंस वाटी एकच असली म्हणजे झाले. तांदूळ जुना की नवा यावर पाणी थोडे कमी-अधिक होईल, आणि तेथे अंदाज पुन्हा लागेलच. पण नवशिक्या हाताला सुरुवात कोठून करावी, हे त्या वाटीने सांगितलेले असते.

या वाटीचे मोल घरापासून दूर गेल्यावर विशेष कळते. बदलीच्या गावी, सरकारी निवासस्थानाच्या दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या जोडप्याला विचारावयास वडीलधारे कोणी नसते. शेजारीण प्रेमळ खरी, पण तिची फोडणी मोहरीच्या तेलाची, आणि गोडा मसाला हे नावही तिने ऐकलेले नसते. अशा घरी हे पुस्तक वडीलधाऱ्यांची जागा घेते. कमलाबाईंना ‘एक लाख सुनांची सासू’ असे कौतुकाने म्हटले गेले. ते नाव गोड आहे, तरी पुरते खरे नाही. सासूच्या ज्ञानाबरोबर सासूचा धाकही येत असे. पुस्तक मात्र कोणावर नजर ठेवीत नाही. पोळी जळली तरी बोलत नाही. पुरुषाने हाती घेतले तरी भुवया उंचावीत नाही. ज्ञान द्यावे आणि अधिकार गाजवू नये, हा ‘रुचिरा’चा अबोल गुण आहे.

मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. या पुस्तकाचा पाया पश्चिम महाराष्ट्रातील ब्राह्मणी स्वयंपाकाचा आहे. लेखिकेने जे शिकले ते दिले, यात तिचा दोष नाही. दोष आहे तो त्यालाच ‘महाराष्ट्रीय जेवण’ असे सरसकट नाव देणाऱ्या आपल्या सवयीचा. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ही उणीव ठळकपणे पुढे आली. मराठवाड्यातील महार व मांग समाजांचे अन्न, त्यातील रक्ती आणि चान्या, तेल-तुपाच्या टंचाईत रांधलेली कालवणे यांचा तो लेखाजोखा आहे. त्याचे इंग्रजी रूपांतरही २०२४ साली झाले. तेथे पाककृती आणि जातीमुळे सोसलेले जिणे ही एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. सुप्रसिद्ध वचनाला शीर्षकात जोडलेले ते एक अक्षर मराठी अन्नवाङ्मयावरील मार्मिक टीका आहे.

परप्रांतातील महाराष्ट्र मंडळांना हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. गणेशोत्सवात आपण परभाषिक स्नेह्यांना पंगतीस बोलावतो आणि मसालेभात, बटाट्याची भाजी व श्रीखंड वाढून ‘हे आमचे जेवण’ म्हणून सांगतो. त्याच पंगतीत बसलेल्या मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या सहकाऱ्याला त्या ‘आमचे’मध्ये आपले घर सापडते काय, हे त्याला आपण क्वचितच विचारतो. कमलाबाईंनी एका परंपरेचा अंदाज वाटीत मोजून सर्वांच्या स्वाधीन केला, हे त्यांचे थोर काम. ज्या परंपरांचा अंदाज अद्याप कोणी लिहून घेतलेला नाही, त्यांच्यासाठीही तीच वाटी उपयोगी पडेल. मंडळांच्या ग्रंथालयांत ‘रुचिरा’ असेल तेथे तिच्या शेजारी पाटोळ्यांचे पुस्तक ठेवावे, आणि पुढच्या पंगतीचा बेत दोन्ही वाचून ठरवावा.