भट्टीवरचे शिक्कामोर्तब

वरणगाव-भुसावळकडे ज्यांचे बालपण गेले, त्यांना भट्टी ही घराबाहेरची वस्तू म्हणूनच ठाऊक. मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जावे आणि नानकटाईचा डबा भरून आणावा, हा आपला जुना शिरस्ता. अमेरिकेत घरोघरी भट्टी असल्याने तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या काही ख्रिस्ती कुटुंबांनी तेथील शेजाऱ्यांची एक कला उचलली व मोठ्या निष्ठेने जोपासली, तिचे कौतुक या स्मरणिकेत व्हावयास हवे.

ही कला म्हणजे पुनरुत्थानाची बिस्किटे. ईस्टरच्या आदल्या रात्री, म्हणजे शनिवारी, भट्टी तीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत तापवून माता मुलांना भोवती बसविते. वाटीभर अक्रोड पिशवीत घालून मुलांनी लाटण्याने ठेचावयाचे, आणि त्याच वेळी योहानाच्या शुभवर्तमानातील फटक्यांचा प्रसंग वाचला जावयाचा. मग चमचाभर शिरका हुंगावयास देऊन वधस्तंभावर तृषार्त प्रभूच्या ओठांना लावलेल्या आंबेचे स्मरण, तीन अंड्यांच्या पांढऱ्या बलकात जीवनाचे, चिमूटभर मिठात शोक करणाऱ्या स्त्रियांच्या अश्रूंचे आणि वाटीभर साखरेत ईश्वरी प्रीतीचे. सारे शुभ्र व घट्ट होईपर्यंत फेटले आणि अक्रोड मिसळले, की चमच्याने कागदावर सोडलेला प्रत्येक गोळा म्हणजे अरिमथाईकर योसेफाने खडकात खोदविलेली कबर. थाळी आत जाते, भट्टी विझविली जाते, आणि पिलात सुभेदाराच्या परवानगीने धोंडेवर शिक्का मारून पहारा बसविला गेला, त्याप्रमाणे मुले चिकटपट्टीने दारावर शिक्कामोर्तब करतात. बिस्किटे न चाखताच निजावे लागते, म्हणून जी कुरकुर होते तिलाही शिष्यांच्या त्या रात्रीच्या विषादाशी जोडून घेण्याइतक्या या माता चतुर असतात. प्रातःकाळी पट्टी तोडून बिस्कीट फोडावे, तो आत पोकळी!

मिठाईच्या कारागिरास हा दोष वाटेल. वरचे कवच त्वरेने वाळते, आतील मऊ भाग मागाहून आक्रसतो आणि मध्ये जागा राहते; पण ज्या घरी रिकामी कबर समजावयाची आहे तेथे त्या दोषासाठीच सारा खटाटोप. शिरक्याने फेस टिकतो, हे तर पाकशास्त्रालाही मान्य आहे. मिठाने तो किंचित ढासळतो, परंतु अश्रू कसे वगळावेत?

तिकडील बाजारात ईस्टर म्हणजे चॉकलेटचे ससे आणि रंगीत अंडी, असाच समज व्हावा अशी स्थिती आहे, आणि त्या झगमगाटापुढे नुसता उपदेश टिकत नाही. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तकथा कीर्तनाच्या चौकटीत आणली ती मराठी मनाला कथा ऐकावयाची कशी हे ठाऊक असल्यामुळे. या स्वयंपाकघरातही रात्रीचा पूर्वरंग आणि प्रातःकाळचा उत्तररंग असे कीर्तनच चालते, फक्त श्रोत्यांचे हात साखरेने माखलेले असतात.

आता आपल्याकडेही विजेच्या भट्ट्या आल्या आहेत. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान येतो आणि त्या दिवसांत खानदेशची हवा कोरडी ठणठणीत असते. मुंबईच्या दमट हवेत चिकट होणारी ही बिस्किटे येथे खुसखुशीत राहावयास हरकत नाही. डबा मात्र घट्ट झाकणाचा असावा.